पेठेत राहायचे कुणी?

पुण्याच्या मध्यवस्तीचा विषय निघाला की उपाय ठरलेले असतात. रस्ता रुंद करा, वाहनतळ बांधा, शनिवारवाडा ते स्वारगेट भुयारी मार्ग खणा. प्रत्येक उपायात वाहन कुठून कुठे जाणार याचा विचार असतो. त्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना जी माणसे राहतात ती पुढेही तिथे राहणार आहेत का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते मध्यवस्तीचा खरा प्रश्न तोच आहे. माणसे राहत असतील तर पेठा नीट करता येतील. ती गेली की उरतील ती गोदामे, दुकाने आणि रात्री नऊनंतर ओढलेली शटर्स.

नगररचनेच्या व्याख्यानांत हल्ली फार ऐकू येते की घर, काम, बाजार, शाळा सगळे चालत जाण्याच्या अंतरावर असावे आणि राहण्याच्या जागेला दुकान-कारखान्यापासून फार तोडू नये. पेठांनी हे कधीच करून ठेवले होते. खाली दुकान, वर माडी, मागे चौक. तांबट आळीत तांब्याचे ठोके, बुरूड आळीत टोपल्या, अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तके, सोन्या मारुतीला सराफ, रविवारात बोहरी आळी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी आणले तेव्हा ते शहरातल्या हौदांत खेळवले. म्हणजे सार्वजनिक सोय घरापासून किती पावलांवर असावी, याचे भान अठराव्या शतकातही होते. मंडई तर नुसती भाजी घ्यायची जागा नाही; तिच्या कट्ट्यावरच्या गप्पांना पुणेकरांनी ‘मंडई विद्यापीठ’ असे नाव दिले.

पण वाड्यांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसायचे नाही. वाड्यातल्या बहुतेक बिऱ्हाडांना एक-दोन अंधाऱ्या खोल्या, रांगेचा संडास आणि गळके छप्पर एवढेच मिळाले. आळ्या धंद्याने वाटलेल्या होत्या म्हणजे जातीनेही वाटलेल्या होत्या. शिवाय ‘पेठा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सदाशिव, नारायण आणि शनिवार येतात. भवानी पेठ, नाना पेठ, गंज पेठ, लोहियानगर, काशेवाडी हीदेखील मध्यवस्तीच आहे आणि तिथे दाटी, पाणी, शौचालये यांचे प्रश्न कितीतरी कठीण आहेत. मध्यवस्ती राहण्याजोगी करण्याचे कुठलेही धोरण लक्ष्मी रस्त्याच्या पश्चिम टोकाला सुरू होऊन सोन्या मारुती चौकात संपत असेल तर ते निम्म्या शहराचेच धोरण आहे.

माणसे गेली कशी? पहिला मोठा धक्का 12 जुलै 1961चा. पानशेत धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे कोसळले आणि पूरग्रस्तांची नवी वस्ती शहराबाहेर झाली. त्यानंतर जे गेले ते हळूहळू, आपापल्या पायांनी गेले. कुटुंबे वाढली, जागा वाढली नाही. ज्यांना परवडले त्यांनी कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी गाठले. ज्यांना परवडले नाही ते राहिले, आणि ज्या वाड्यात राहिले त्याची डागडुजी करायला कुणीच तयार नव्हते.

यामागे 1947चा भाडेनियंत्रण कायदा आहे. भाडे 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला गोठले. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण महिन्याला चहाच्या पैशांएवढे भाडे मिळणारा मालक वासे कशाला बदलेल? 1999च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पन्नास वर्षे गोठलेल्या आकड्यावर चार टक्के म्हणजे काय, ते सांगायला नको. मुंबईने या पेचावर निदान एक उत्तर शोधले. 1969च्या कायद्याने तिथे जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ उभे केले, जे पुढे म्हाडात गेले. ते मंडळ किती हळू चालते याच्या कहाण्या गिरगावात कुणीही सांगेल. तरीही छप्पर गळते तेव्हा कुणाच्या दारात जायचे, हे मुंबईच्या भाडेकरूला माहीत आहे. पुण्याच्या भाडेकरूच्या वाट्याला येते ती दर पावसाळ्यापूर्वीची महापालिकेची नोटीस. वाडा धोकादायक आहे, रिकामा करा. कुठे जायचे ते नोटिशीत नसते.

मग पुनर्विकास का होत नाही? नगररचनेतली सगळ्यात रुक्ष गोष्ट इथे सगळ्यात महत्त्वाची ठरते. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमांत किती बांधता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. रस्ता जितका रुंद तितका एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या तुलनेत बांधता येणारे क्षेत्र, जास्त. 2016च्या नियमांनी नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरण्याची सोय काढून घेतली, आणि डिसेंबर 2020मध्ये राज्यभरासाठी आलेल्या एकत्रित नियमावलीचा पायाही रस्त्याची रुंदीच आहे. मोकळ्या माळावर नवे उपनगर वसवताना हा नियम शहाणपणाचा आहे. कसब्यातल्या बोळाला तोच नियम लावला की काय होते ते पाहा.

समजा तीन गुंठ्यांचा वाडा आहे. आठ भाडेकरू, मालकाचे चार वारस, समोर सहा मीटरचा बोळ. भाडेकरूंना हक्काच्या जागा द्यायच्या, वारसांना एकेक सदनिका द्यायची, बाजूला नियमाची मोकळी जागा सोडायची, जिन्याला आणि लिफ्टला जागा काढायची, प्रत्येक घरामागे पार्किंग दाखवायचे. यातून विकायला काही उरत नाही. विकासक कागद बघून परत जातो. दहा वर्षांनी एखाद्या जुलैत मागची भिंत पडते, भाडेकरू नातेवाइकांकडे जातात आणि प्लॉटवर पत्रे मारले जातात. शनिवारवाड्याच्या शेजाऱ्यांची तर आणखीच कोंडी. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या 2010च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पेशव्यांच्या वाड्याची भिंत जपायची म्हणून समोरच्या वाड्यातल्या माणसाने पडक्या घरात राहायचे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो.

हा पेच सोडवायला महापालिकेला जो मार्ग सुचतो तो म्हणजे बोळच रुंद करणे. 2020मध्ये शहरभरातले सहा मीटरचे 323 रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीने मंजूर केला होता. त्याचे मुख्य कारण वाहतूक नव्हतेच. नऊ मीटर झाले की टीडीआर वापरता येतो, म्हणून रस्ता कागदावर रुंद करायचा. एफएसआयसाठी रस्ता ओढायचा, रस्त्यासाठी घराचा पुढचा भाग कापायचा. त्यातही प्रत्यक्ष रुंदी मिळते ती एकेक इमारत पाडली जाईल तशी, म्हणजे पुढची तीस वर्षे बोळ दातपडक्या हिरडीसारखा राहणार. एक इमारत मागे, दुसरी पुढे, आणि मधल्या खाचांत उभ्या मोटारी.

आता या मोटारींबद्दल. 2018च्या सुमारास पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेली. वाहने 36 लाखांवर, माणसे 35 लाखांच्या आसपास. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते. म्हणजे 130-135 चौरस फूट. वाड्यातली दहा बाय बाराची खोली 120 चौरस फुटांची असते. ज्या जागेत एका बिऱ्हाडाने मुले वाढवली त्याहून थोडी मोठी जागा शहर मोटारीला रस्त्यावर फुकट देते, आणि नव्या इमारतीत तिच्यासाठी राखून ठेवायची सक्ती करते. पेठेत नव्याने बांधलेली बहुतेक कुठलीही इमारत बघा. जिथे ओटा होता, शिंप्याचे किंवा वाण्याचे दुकान होते, तिथे आता खांब आणि गाड्या आहेत. संध्याकाळी तिथे कुणी बसत नाही, त्यामुळे बोळातून येणाऱ्याजाणाऱ्यावर कुणाची नजरही राहत नाही. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहे होती. आर्यन तर पुण्यातले पहिले. दोन्ही जागांवर आज वाहनतळ आहेत. तरीही मंडईभोवती गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि यात नवल काही नाही. जागा वाढवली की गाड्या वाढतात.

महापालिकेला हे कळत नाही असे मुळीच नाही. तिच्याकडे 2016चे पादचारी धोरण आहे. मार्च 2018मध्ये रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घेणारे पार्किंग धोरणही सर्वसाधारण सभेत मंजूर झाले. विरोध झाला म्हणून ते आधी पाच रस्त्यांवर प्रयोगापुरते आणायचे ठरले, आणि तिथेच ते रखडले. मार्च 2022मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे अनेक वर्षे प्रशासकांचा कारभार होता. नगरसेवकांना मतांची भीती असते, असे आपण म्हणतो. प्रशासकाला कसली भीती होती?

‘पे अँड पार्क’ला विरोध करणारे म्हणतात की हा गरिबांवर बोजा आहे. पेठेत मोटार घेऊन कोण येतो, हे त्यांनी एकदा नीट पाहावे. पीएमपीच्या बसने येणारी बाई तिकीट काढते, मेट्रोने येणारा पैसे मोजतो, पथारीवाल्याला महापालिकेचे शुल्क भरावे लागते. शहरातल्या सगळ्यात महाग जमिनीवर दिवसभर फुकट मुक्काम करण्याची सवलत फक्त मोटारीला आहे. दुचाकीचा दर नाममात्र ठेवा, पेठेतल्या रहिवाशाला एका वाहनापुरता वार्षिक परवाना द्या, आणि बाहेरून येणाऱ्या मोटारीकडून तासाप्रमाणे पैसे घ्या. तो पैसा त्याच प्रभागातल्या पदपथांवर आणि स्वच्छतागृहांवर खर्च झाला पाहिजे, महापालिकेच्या मोठ्या डबक्यात गेला की लोकांना तो परत दिसत नाही.

हे आज शक्य आहे याचे एक कारण जमिनीखाली आहे. 29 सप्टेंबर 2024पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके अगदी जुन्या शहराच्या पोटात उघडली. बहुतेक पेठांचा मोठा भाग या दोन स्थानकांपासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहे. एवढा खर्च करून आपण माणसाला मंडईत आणून सोडतो, आणि सरकत्या जिन्यावरून वर आल्यावर त्याला काय मिळते? पदपथावर चढवलेली दुचाकी, उघडे चेंबर, रिक्षाचा हॉर्न. स्थानकाच्या भोवती अर्धा किलोमीटर सलग, सपाट, सावलीचा पदपथ हे मेट्रोच्या कामाचाच भाग मानायला हवे होते. जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेने रुंद पदपथ करून दाखवले आहेत. म्हणजे हात आहेत, कसब आहे. पेठेत मात्र रस्ता अरुंद आहे हे कारण सांगितले जाते. अरुंद रस्त्यावर चालणाऱ्याला आधी जागा द्यायची की उभ्या गाडीला, एवढाच तर निर्णय आहे.

लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबर 2021ला महापालिकेने पादचारी दिन केला आणि त्याचा काही भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवला. तेव्हापासून तो वार्षिक कार्यक्रम झाला आहे. वर्षातून एक दिवस. गणपतीत याच रस्त्यावरून, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्त्यांवरून विसर्जनाच्या मिरवणुका जातात, चोवीस तासांहून जास्त वेळ वाहने बंद राहतात आणि शहर बुडत नाही. उत्सवाच्या संध्याकाळी तर लाखो माणसे गाड्या लांब लावून चालत येतात, तक्रार न करता. तेव्हा पुणेकर चालत नाहीत हे म्हणणे मला पटत नाही. चालण्याजोगे काही असेल तर ते चालतात.

दुकानदारांची भीती मात्र खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. त्यांचे गिऱ्हाईक आता धायरी-वाघोलीसारख्या लांबच्या उपनगरांतून येते, ते गाडी दारात लावता आली नाही तर मॉलमध्ये जाईल, असे त्यांना वाटते. कोपनहेगनच्या स्ट्रॉयेट रस्त्यावर 1962मध्ये वाहने बंद झाली तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनाही हेच वाटत होते. तो रस्ता आजही गजबजलेला आहे. आपल्याकडचे जवळचे उदाहरण दिल्लीच्या चांदनी चौकाचे. 2021मध्ये लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा पट्टा नव्याने बांधून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारी बंद केल्या. दगडी फरशी, झाडे, बसायला जागा, सगळे छान झाले. पुढे पहारा ढिला पडला तशा दुचाक्या आत घुसू लागल्या. फरशी बसवणे सोपे असते, रोज सकाळी नऊला अडथळा लावणारा माणूस टिकवणे अवघड. लक्ष्मी रस्त्यावर वाहनबंदी करायची तर आधी माल उतरवायच्या वेळा ठरवाव्या लागतील, मालाचा छोटा हत्ती टेम्पो रात्री अकरा ते सकाळी नऊ आत येऊ शकेल असे करावे लागेल, आणि वृद्धांसाठी छोट्या बस सतत फिरत ठेवाव्या लागतील. पीएमपीने 2021मध्ये दहा रुपयांत दिवसभर फिरता येईल अशी ‘पुण्यदशम’ बससेवा मध्यवस्तीसाठी सुरू केली होती. कल्पना अगदी अचूक होती, तिला जोडून रस्ता मोकळा करण्याचे काम मात्र झाले नाही. गाड्यांच्या रांगेत अडकलेली छोटी बसही शेवटी अडकलेलीच असते.

पण पुन्हा मूळ मुद्द्यावर येतो. रहिवासी नसलेला पादचारी रस्ता म्हणजे छप्पर नसलेला मॉल. घरे टिकवायची तर बांधकामाचा नियम उलटा करावा लागेल. पेठांपुरता रस्त्याच्या रुंदीशी असलेला एफएसआयचा संबंध तोडा. त्याऐवजी उंचीची मर्यादा ठरवा, समजा तळमजल्यावर चार मजले, आणि त्या चौकटीत जेवढे बसेल तेवढे बांधू द्या. मेट्रो स्थानकाजवळच्या इमारतींना पार्किंगची सक्ती नको. ज्याला गाडी हवी तो महापालिकेच्या वाहनतळात महिन्याची जागा घेईल. तळमजल्यावर दुकान किंवा ओटा असलाच पाहिजे. लगतचे चार-पाच वाडे एकत्र आले तर त्यांचा मिळून एकच चौक, एकच जिना, एकच पाण्याची टाकी असा नकाशा मंजूर व्हावा, कारण एकट्या छोट्या वाड्याला हा खर्च झेपत नाही.

एकत्रित पुनर्विकासाचे नाव घेतले की गिरगावचा धडा आठवावा लागतो. तिथे जादा एफएसआयच्या जोरावर मनोरे उठले. पायथ्याशी पाच-सहा मजले पार्किंगचे, वर कुणाला न परवडणारी घरे. म्हणून पेठांत जादा क्षेत्राची अट लहान घरांशी बांधली पाहिजे. तीन-साडेतीनशे चौरस फुटांच्या, भाड्यानेही देता येतील अशा सदनिका. पेठेत खोली शोधणारे विद्यार्थी, अभ्यासिकांत बसणारी स्पर्धा परीक्षेची मुले, मंडईतले हमाल, दुकानांतले नोकर या सगळ्यांना अशीच घरे हवी आहेत.

जे वाडे अजून मजबूत आहेत आणि जपण्याजोगे आहेत त्यांच्यासाठी अहमदाबादकडे बघता येईल. तिथल्या पोळांतल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांतल्या, वारसा घराच्या मालकाला न वापरलेला एफएसआय विकता येतो आणि त्या पैशातून घर दुरुस्त करता येते. आपल्या नियमावलीतही वारसा टीडीआर आहे, पण भाडेकरू आणि वारसांची संमती गोळा करता करता मालक थकतो. इथे पुण्याला मुंबईसारखे, पण मुंबईपेक्षा चपळ असे दुरुस्ती मंडळ हवे. ते संमती घेईल, तात्पुरती घरे देईल आणि दुरुस्तीचा खर्च टीडीआरच्या विक्रीतून वसूल करेल. नाहीतर वाडा पडून गेल्यावर त्याचे स्मारक करायला आपण नेहमीच तयार असतो.

अग्निशमनाचा आक्षेप येईल. अरुंद बोळात बंब कसा जाणार? आजही तो जात नाही, आणि त्याला भिंतीइतकाच तिच्या कडेला उभा असलेला गाड्यांचा थर कारणीभूत आहे. लहान बंब, प्रत्येक आळीत अग्निशमनासाठी पाण्याचा जोड आणि एका बाजूची पार्किंगबंदी यांनी जेवढे साधेल तेवढे तीस वर्षांच्या कागदी रुंदीकरणाने साधणार नाही.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा सध्याचा विकास आराखडा 2007 ते 2027 या काळासाठी आहे. तो मंजूर झाला जानेवारी 2017मध्ये, म्हणजे मुदतीची पहिली दहा वर्षे तो तयार होण्यातच गेली. त्याची जागा घेणारा आराखडा करताना पहिल्याच पानावर एक तक्ता छापावा: प्रत्येक पेठेत गेल्या वीस वर्षांत किती घरे होती, किती उरली, किती पडली, किती रिकामी आहेत, आणि नव्या आराखड्यात किती वाढतील. रस्त्यांच्या रेषा त्यानंतरच्या पानावर आखाव्यात.